गूळ, पाक आणि परिवृत्ती : भिलाईतील मराठी स्वयंपाकघराच्या निमित्ताने

दण्डीने ‘काव्यादर्शा’च्या पहिल्या परिच्छेदात वैदर्भ आणि गौड या दोन मार्गांचे विवेचन आटोपताना ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीचा दाखला दिला आहे. या पदार्थांच्या माधुर्यांत मोठे अंतर असते, पण ते अंतर शब्दांत सांगणे सरस्वतीलाही साधणारे नाही, असा त्याचा आशय. कवीकवींच्या शैलींतील सूक्ष्म भेद का सांगता येत नाहीत, हे समजावण्यासाठी तो थेट स्वयंपाकघरात जातो, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे निर्गुणी संतपरंपरेत, विशेषतः कबीराच्या वाणीत, ‘गूंगे का गुड़’ ही प्रतिमा आली. गूळ खाल्लेल्या मुक्याला चव कळते, सांगता मात्र येत नाही. एका ठिकाणी सरस्वती हतबल, दुसऱ्या ठिकाणी मुका तृप्त. दोन्ही ठिकाणी गोडी अनिर्वचनीय ठरते, आणि दोन्ही ठिकाणी उदाहरण गुळाचेच असते.

ज्यांना गूळ रोज हाताळावा लागतो त्यांना मात्र मुके राहून चालत नाही. गूळ कोणत्या क्षणी घालावा, किती उकळावा, कोणत्या पदार्थात त्याच्या जागी साखर चालेल आणि कोणत्या चालणार नाही, याचे निर्णय करावे लागतात. आणि निर्णय करायचे म्हटले की भेद सांगावे लागतात. मराठीत हे भेद सांगणारी बरीच मोठी शब्दसंपदा आहे. ती घेऊन एखादे कुटुंब दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात राहावयास गेले म्हणजे त्या शब्दसंपदेचे काय होते, आणि ती ज्या वस्तूंना लागू होती त्या वस्तूंचे काय होते, हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये असा प्रश्न आहे. तो पाहण्यासाठी भिलाईइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

भिलाईचा पोलाद कारखाना २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर आखीव नगरवस्ती आली. तिला गल्ल्या-आळ्यांची नावे नव्हती, क्रमांक होते. सेक्टर १० हा त्यांतलाच एक. शेजारच्या सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे मोठे रुग्णालय, खुद्द सेक्टर १० मध्ये नावाजलेली शाळा, आणि सभोवती एकाच आराखड्याची क्वार्टर्स. भिंतीच्या अलीकडे नागपूरकडचे मराठी कुटुंब, पलीकडे तेलुगू, त्यापुढे ओडिया, मल्याळी, बंगाली, पंजाबी. आणि कामाच्या निमित्ताने दिवसभर भेटणारी माणसे छत्तीसगढी. मराठी या भागात नवखी मुळीच नव्हती. नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे १७४१ च्या स्वारीपासून १८५४ पर्यंत या ना त्या रूपात नांदली, आणि माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० मध्ये काढले ते याच प्रदेशातून. मुंबई-हावडा लोहमार्गावरची जवळची स्थानके म्हणून विदर्भातील माणसाला दुर्ग-भिलाई कधी दूर वाटले नाही.

विदर्भाची ओळख कापसाची आणि संत्र्याची; उसाची नव्हे. त्यामुळे येथे आलेल्या बहुतेक मराठी घरांत गूळ हा आधीपासूनच बाजारातून आणायचा जिन्नस होता, गुऱ्हाळ ही दुरून ऐकलेली गोष्ट होती. तरीही गुऱ्हाळाची भाषा या घरांत शिल्लक होती, कारण ती मराठीतच मुरलेली आहे. उसाचा रस काहिलीत ओतायचा, चुलाणात चिपाडांचा जाळ लावायचा, चुन्याची निवळी घालून रसाचा आंबटपणा मारायचा, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर येणारी मळी काढत राहायचे. रस सुमारे १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की काकवी तयार. तो तसाच आटवत ११८ अंशांच्या आसपास नेला की गूळ. काकवी आणि गूळ यांच्यामध्ये एवढे तेरा-चौदा अंशांचे अंतर असते. गुळव्या ते तापमापकाने मोजत नाही. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून पाहतो, आणि ती मनासारखी झाली की काहील उतरवतो. वाफ्यात ओतून घोटलेला पाक साच्यांत भरला की ढेप होते. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो.

ही उतरंड फार जुनी आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारातील जिनसांची वर्गवारी येते तेथे फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा ही नावे ओळीने आली आहेत. फाणित म्हणजे काकवीच्या जवळचा दाट रस, मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी कणीदार, आणि शर्करा म्हणजे मुळात वाळूचे खडे. यांतील शर्करा जगभर गेली आणि खण्डही अरबी-फारसीच्या वाटेने पश्चिमेला पोचले. परत येताना हिंदीने परदेशांची नावे पत्करली, चीनवरून चीनी आणि मिसरवरून मिसरी. गूळ मात्र घरीच राहिला.

घरी राहून त्याने एक वेगळे काम केले. मराठीत ‘गोड’ हा शब्द ‘गौड’, म्हणजे गुळाचा, या कुळातील रूपाशी जोडला जातो. छत्तीसगढीत गोड म्हणजे ‘गुरतुर’. ‘गुर’ म्हणजे गूळ, तेव्हा नाते उघडच आहे, आणि छत्तीसगढी माणूस आपल्या बोलीचे कौतुक करताना तिला गुरतुर बोली म्हणतो. या दोन भाषांच्या मधे, त्यांच्यातील व्यवहार चालवणारी हिंदी उभी आहे, आणि तिचा ‘मीठा’ मात्र मिष्ट-मृष्ट या कुळातला. त्याच कुळातून मराठीने ‘मीठ’ घेतले आणि ते खाऱ्या पदार्थाला दिले. शेजारणीकडे मीठ मागायला गेलेल्या नव्या मराठी सुनेला काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. मुद्दा असा, की मराठी आणि छत्तीसगढी यांनी चवीचे नाव वस्तूवरून ठेवले. संपर्कभाषा हिंदी असल्यामुळे हे साम्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मध्यस्थ भाषेमुळे दोन टोकांचे नाते दिसेनासे होणे हा भाषांतराच्या इतिहासात वारंवार घडणारा प्रकार आहे. येथे तो ताटात घडलेला दिसतो.

आता परिवृत्तीकडे. वामनाने ‘शब्दपाक’ अशी एक संकल्पना मांडली आहे. रचनेतील एखादे पद काढून त्याच्या जागी समानार्थी दुसरे घातले तर चालत नाही, अशी अवस्था आली म्हणजे पाक झाला; पदांनी परिवृत्ती, म्हणजे अदलाबदल, सहन करणे सोडून दिले पाहिजे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हे वामनीयांचे मत म्हणून नोंदवले आहे. ‘पाक’ हा शब्द अलंकारशास्त्रात कोठून आला हे सांगण्याची गरज नाही. तो जेथून आला तेथे परत नेऊन पाहिला तर काय दिसते? गुळाच्या पदार्थांत गूळ हे परिवृत्ती न सोसणारे पद आहे काय?

छापील पाककृतींतून ‘साखर किंवा गूळ’ असा विकल्प सर्रास दिलेला असतो. हा विकल्प काही ठिकाणी खरा आहे आणि काही ठिकाणी निव्वळ खोटा. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. गुळात ते साधारण ६५ ते ८५ टक्के. उरलेल्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज, पाणी, क्षार, थोडे आम्ल आणि आटवताना रंग-वास देणारी द्रव्ये. या उरलेल्या भागातच सगळा भेद आहे.

पुरणाचे उदाहरण घ्यावे. हरभऱ्याची डाळ बोटाने चिरडण्याइतकी शिजल्याखेरीज तिच्यात गूळ पडता कामा नये. आधी पडला तर गुळातील चुन्याच्या अंशाने आणि आम्लाने डाळ दडस राहते, मग कितीही शिजवा. साखरही डाळ मऊ होऊ देत नाही, पण गूळ अधिक हट्टी. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होते, मग आटते, आणि डाव मध्यभागी उभा राहिला की ते झाले. साखरेचे पुरण पांढरट, सरळ गोड होते आणि वाईट लागते असे नाही. येथे परिवृत्ती सोसली जाते, रस बदलतो. खिरीत उलट आहे. तापलेल्या दुधात गूळ घातला तर त्यातील आम्ल आणि क्षार यांमुळे दूध फाटण्याचे भय असते, म्हणून पातेले खाली उतरवून, किंचित निवू देऊन, मग गूळ घालायचा. दूध गुळाला सहज सोसत नाही, साखरेला सोसते. म्हणून दुधाच्या पदार्थांत साखरेने गुळाला बाजूला सारले यात आश्चर्य नाही. आमटीतल्या चिंचगुळाची गोष्ट आणखी वेगळी. मराठीने तो एकच सामासिक शब्द केला आहे, कारण त्यातला गूळ गोडीसाठी नसतोच, चिंचेला आवरण्यासाठी असतो. तेथे साखर घातली तर आमटी गोड होते, जे होणे अपेक्षित नव्हते.

तिळाच्या वड्या आणि चिक्की येथे गूळ खऱ्या अर्थाने परिवृत्ती सोडून देतो, इतकेच नव्हे तर एका गुळाच्या जागी दुसरा गूळही चालत नाही. म्हणूनच मराठी बाजाराने ‘चिक्कीचा गूळ’ हा वेगळा प्रकार आणि वेगळा शब्द निर्माण केला. तो कडक आणि चिवट. गुळपोळीला तो उपयोगाचा नाही. तिला मऊ, किसता येणारा गूळ हवा. मराठी बाजाराच्या बाहेर गेल्यावर हा भेद शब्दाने मागता येत नाही. भेली हातात घेऊन, अंगठ्याने दाबून, चिमूटभर चाखून ठरवावे लागते. शब्द हरवला की ज्ञान लगेच हरवत नाही, ते बोटांत उतरते. पण बोटांतले ज्ञान पुढच्या पिढीला पत्राने किंवा दूरध्वनीवरून कळवता येत नाही, हा त्यातला खरा तोटा. साखरेच्या पाकाला एकतारी, दोनतारी अशा पायऱ्या आहेत. गुळाच्या पाकाला तारेची कसोटी फारशी लागू पडत नाही, त्याला गोळीची कसोटी. पाण्यात टाकलेली गोळी मऊ झाली, घट्ट झाली, की ताटलीवर आपटल्यावर टणकन वाजली, यावर पदार्थ ठरतो. ‘गोळीबंद पाक’ या शब्दाच्या जागी ‘चाशनी’ आली म्हणजे या पायऱ्या एका सरबरीत शब्दात विरघळतात.

भिलाईत मिळणारा गूळ मुख्यतः कोठला, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. दुर्गहून बेमेतऱ्याच्या वाटेने उत्तरेला गेले की कवर्ध्याचा मुलूख लागतो. हा ऊसकरी जिल्हा. तेथे भोरमदेव सहकारी साखर कारखाना आहे आणि त्याच्या जोडीला शेकडो गुळाच्या भट्ट्या चालतात. १९९८ मध्ये झालेल्या या जिल्ह्याचे नाव २००३ मध्ये कबीरधाम ठेवण्यात आले, कारण कवर्धा हे कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेचे एक जुने पीठ. मुक्याच्या गुळाची प्रतिमा ज्याच्या नावाशी निगडित आहे, त्याच्या नावाचा जिल्हा गुळाने ओळखला जावा, हा योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध करण्याचा मोह आवरलेला बरा. दुसरीकडे ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. मराठी मनातला आदर्श गूळ तोच, पिवळाधमक, कणीदार. काळसर भेली पाहिली की नाके मुरडली जातात. वास्तविक उजळ पिवळा रंग बऱ्याचदा सोडियम हायड्रोसल्फाइटसारख्या विरंजकाने आणलेला असतो आणि साठवणीत तो टिकतही नाही. रसायनाशिवायचा गूळ बहुधा तांबूस-काळपट निघतो. गोऱ्या गुळाची ही आवड सौंदर्यशास्त्राने तपासावी अशी आहे. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे स्वस्त साखर विरघळवून तिची ढेप पाडणे. येथे परिवृत्ती झालेली असते, पण नाव जुनेच राहते. भाषांतरात वस्तू तीच ठेवून नाव बदलतो. येथे नाव तेच ठेवून वस्तू बदललेली. अशा गुळाच्या वड्या बसल्या नाहीत तर गृहिणी स्वतःच्या हाताला दोष देते.

तुलनेचे सर्वांत समृद्ध स्थळ मात्र अनारसा हे आहे. मराठी पद्धतीत तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलले जाते. मग ते कापडावर पसरून, ओलसर असतानाच कुटून, चाळून, किसलेल्या गुळात कालवले जातात. तो गोळा चार-पाच दिवस किंवा त्याहून अधिक मुरतो. तळताना पुरीची खसखस लावलेली बाजू वर राहते, मंद आचेवर तूप उडवत ती फुलवायची, उलटायची नाही. गूळ जास्त झाला किंवा पीठ नीट मुरले नाही तर अनारसा तुपात पसरतो, विरतो. त्याला मराठीत ‘अनारसा हसला’ म्हणतात. करणारीच्या फजितीचे श्रेय पदार्थाच्या हसण्याला देणारी ही भाषा विलक्षणच म्हणावी लागेल.

छत्तीसगढीत हाच पदार्थ अइरसा. तांदूळ तेथेही भिजवून कुटतात, परंतु गुळाचा पाक चुलीवर करून त्यात पीठ घोटतात आणि दोन्ही बाजूंनी तळतात. सेक्टर १० च्या एकाच रांगेत ओडिया घरात अरिसा, तेलुगू घरात अरिसेलु. तमिळमध्ये अधिरसम, आणि तिकडे गढवालात अरसा. नावांचे कुळ एक आणि, महत्त्वाचे म्हणजे, कृतीही बहुतेकांची एक : पाक आगीवर. मराठी अनारसा या कुटुंबात वेगळा पडतो, कारण तो आगीचे काम काळाकडून करवून घेतो. गुळातली ओल पिठात शिरायला आणि पीठ गुळात जिरायला जे घडावे लागते ते शेजारच्या घरात पावघटकेत काहिलीत उरकते, येथे डब्यात आठवडा घेते. दोन्ही पाकच. ‘अनारसा’ आणि ‘अइरसा’ यांना एकमेकांचे भाषांतर म्हणावे की एकाच मूळ पाठाचे दोन पाठभेद, हा प्रश्न उरतो. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसे द्यावयाचे असतात. त्या जागी तेहतीस अइरसे दिले तर वाण पोचले की नाही, याचा निकाल शास्त्र देणार नाही, सासूबाई देतील.

वामनीयांची कसोटी कडक लावली तर उत्तर नाही असेच येईल. पण राजशेखराने त्यांचे मत दिल्यावर लगेच अवन्तिसुन्दरीचा, म्हणजे आपल्या विदुषी पत्नीचा, आक्षेप नोंदवला आहे. पद बदलता न येणे ही पाकाची खूण नव्हे, ती अशक्ती आहे, असे तिचे म्हणणे. एकाच विषयावर महाकवींचे अनेक पाठ असतात आणि ते सगळे परिपक्व असू शकतात, म्हणून पाक रसाच्या औचित्यावर ठरावा. राजशेखर स्वतः महाराष्ट्रीय वंशाचा. त्याचे आयुष्य कनौज आणि त्रिपुरी येथील दरबारांत गेले. मुलूख सोडून गेलेल्या घरातून हे मत यावे, हेही नजरेआड करण्यासारखे नाही.

पोळ्याच्या दिवशी भिलाईत हे दोन पक्ष समोरासमोर येतात. विदर्भाचा पोळा आणि छत्तीसगढचा पोरा एकाच अमावास्येला. विदर्भात पुरणपोळी, आणि नागपूरकडे दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा. छत्तीसगढात मातीचे नांदिया बइला आणि त्यांच्यापुढे ठेठरी-खुरमी. खुरमी म्हणजे कणकेत तुपाचे मोहन आणि गुळाचे पाणी घालून तळलेला पदार्थ, मराठी शंकरपाळ्याचा जवळचा नातेवाईक. शंकरपाळ्यातला शंकर हा फारसी ‘शकरपारा’चा मराठी अवतार, म्हणजे साखर त्याच्या नावातच आहे. खुरमीचे नाव फारसी खुर्म्याशी, खजुराशी, जोडण्याचा मोह होतो. तिच्यात साखर घातली की ती शंकरपाळ्याकडे झुकते, शंकरपाळ्यात गूळ घातला की तो खुरमीकडे. शेजारणीने दिलेल्या खुरमीच्या ताटलीत परत काही घालून द्यायचे, रिकामी ताटली परत करायची नाही, हा रिवाज दोन्ही घरांत सारखाच आहे. त्या दिवशी मराठी घरातून त्या ताटलीत जाते ती पुरणपोळी, कवर्ध्याच्या काळपट गुळाची.